पूल, पंप आणि आस्थापना विभाग

सुदामराव मोकलांच्या स्विमिंग पूलचा पंप पहिल्यांदा बंद पडला, तेव्हा सुदामराव हसले. यंत्र म्हटलं की असं व्हायचंच, अशा अर्थाचं ते हसू होतं, आणि कुंपणापलीकडून बघणाऱ्या दीपेशला नीट दिसावं म्हणून त्यांनी ते जरा वेळ चेहऱ्यावर ठेवलंही. पंपाबरोबर घरातली सगळी लाईट गेली होती. आत माधुरीबाईंचा मिक्सर चटणी अर्धवट वाटून थांबला होता. मीटरशेजारच्या डब्यात एक खटका असतो, ज्याला वायरमन लोक ईएलसीबी म्हणतात, तो खाली पडला होता. सुदामरावांनी तो वर केला. लाईट आली. पंप लावला, तर खटका पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी सुदामराव हसले नाहीत.

दीपेशने पलीकडून विचारलं, "काका, काय असेल हो?"

सुदामराव म्हणाले, "लोड बॅलन्सचा प्रश्न दिसतो." आणि ते घाईने घरात गेले.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. सुदामरावांनी वीज कंपनीत एकतीस वर्षं नोकरी केली होती आणि हे पनवेलजवळच्या कोन गावाच्या अलीकडच्या त्या बंगल्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. ही एकतीस वर्षं त्यांनी आस्थापना विभागात काढली, हे मात्र कुणालाही ठाऊक नव्हतं. रजेचे अर्ज, बदल्यांच्या ऑर्डरी, सेवापुस्तकं आणि वारसांची नावं यात त्यांचा हात धरणारं सबंध सर्कलमध्ये कुणी नव्हतं. विजेशी त्यांचा संबंध डोक्यावरच्या पंख्यापुरता आला, आणि तो पंखा बिघडला की ते शिपायाला हाक मारत.

यात त्यांनी खोटं असं काही सांगितलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी राहायला आले तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी कुंदनशेठ यांनी, कुठे होतात, म्हणून विचारलं. वीज कंपनीत, असं सुदामराव म्हणाले. म्हणजे इंजिनिअर का, असं कुंदनशेठनी विचारायला आणि घरात कुकरची शिट्टी व्हायला एकच गाठ पडली. सुदामराव गॅस बंद करायला आत गेले. बाहेर येईपर्यंत ते इंजिनिअर झालेले होते. नंतर दुरुस्ती करायची म्हणजे अर्ज कुणाकडे करायचा, हा प्रश्न होता.

तेव्हापासून सोसायटीत कुणाचा गिझर तापेना की लोक त्यांच्याकडे यायचे. सुदामराव डोळे बारीक करून ऐकायचे आणि म्हणायचे, लोड बॅलन्स करून घ्या. हा शब्द त्यांनी कधीतरी एका ज्युनियर इंजिनिअरच्या रजेच्या अर्जात वाचला होता. समोरच्या दाजींनी तो ऐकून आपला फ्रीज स्वयंपाकघरातून उचलून झोपायच्या खोलीत नेला, आणि पुढच्या महिन्यात त्यांचं बिल चक्क निम्म्यावर आलं. त्याच महिन्यात दाजींची सून एसीच्या खोलीला कुलूप लावून माहेरी गेली होती, पण ते कुणी ध्यानात घेतलं नाही.

पूल काही श्रीमंतीचा नव्हता. माधुरीबाईंचे गुडघे धरले होते, पाण्यात चाला असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि पुण्याहून लेक पूर्वीने फोनवर रोज एवढा तगादा लावला की शेवटी परसात बारा बाय वीस फुटांचा, चार फूट खोल असा एक पूल झाला. दाजी त्याला हौद म्हणत. सकाळी साडेसातला सोसायटीतल्या पाच गुडघेदुखीवाल्या बायका पंजाबी ड्रेस घालून त्यात उतरायच्या, गोल गोल चालायच्या आणि मध्येच थांबून एकमेकींच्या सुनांबद्दल बोलायच्या. महिनाभरात माधुरीबाई जिना आधाराशिवाय चढायला लागल्या होत्या. सुदामरावांनी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या जिना चढताना ते खाली उभे राहून पायऱ्या मोजायचे.

म्हणून पंप चालू होणं गरजेचं होतं. पंप बंद म्हणजे पाणी फिरणं बंद, आणि न फिरलेलं पाणी एप्रिलच्या उन्हात हिरवं व्हायला किती दिवस लागतात, हे पनवेलकडच्या माणसाला सांगायला नको.

ज्याने पंप बसवला तो वाशीचा फिटर फोन उचलायचा, उद्या येतो म्हणायचा आणि त्या उद्यापासून फोन उचलायचा नाही. सोसायटीतला वायरमन बोलावणं शक्यच नव्हतं. मोकलसाहेबांनी वायरमन बोलावला ही बातमी संध्याकाळपर्यंत गेटवरच्या वॉचमनलाही कळली असती.

बुधवारी माधुरीबाईंनी एक निरोप आणला. धुणं आणि बागेचं काम बघणाऱ्या साळूचं म्हणणं असं होतं की ती नऊला दोरीवर धुणं टाकते आणि मागोमाग लाईट जाते. तीन दिवस तिने हेच पाहिलं होतं. सुदामरावांनी हातातला पेपर खाली ठेवला आणि धुणं व वीज यांच्यात शास्त्रीयदृष्ट्या कोणताही संबंध कसा नसतो, हे माधुरीबाईंना दहा मिनिटं समजावून सांगितलं. माधुरीबाई म्हणाल्या, बरं.

दीपेश घरूनच कंपनीचं काम करायचा, म्हणजे त्याला वेळ होता. त्याने खटका पडण्याच्या वेळा लिहून त्याचा आलेख काढला. रोज नऊ वाजून दहा मिनिटं. पाच-सात मिनिटांचा काय तो फरक. मग रात्रीपर्यंत पंप काही टिकायचा नाही. आलेख इतका सुरेख होता की सुदामरावांना क्षणभर आपल्या पंपाचा अभिमान वाटला. दीपेशने निष्कर्ष काढला की नऊला उरणजवळच्या द्रोणागिरीकडची गोदामं उघडतात, तिकडचा लोड वाढतो आणि इकडे झटका बसतो. उपाय सोपा होता. तो खटकाच काढून टाकायचा आणि वायर सरळ जोडायची. यूट्यूबवर एका माणसाने चार मिनिटांत करून दाखवलं होतं.

सुदामरावांना हे पटलं. पडणारी गोष्टच काढून टाकली तर पडणार काय, हा विचार त्यांना स्वच्छ वाटला. उद्या करू, असं ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर जागेवर नव्हता. तो माधुरीबाईंनी डाळीच्या डब्यात घातला होता आणि विचारल्यावर त्यांनी तसं सांगितलंही. जे आपल्याला कळत नाही ते काढायचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. 'आपल्याला' हा शब्द सुदामरावांना लागला, पण दीपेश जवळच असल्यामुळे त्यावर चर्चा करता आली नाही.

मग दाजी आले. दाजींच्या वाडवडिलांची उरणला मिठागरं होती आणि जगातली पुष्कळशी दुखणी मीठ कमी पडल्याने होतात, असं दाजींचं मत होतं. अर्थिंगचा खड्डा सुकलाय, त्यात मीठ नाही, हे त्यांनी पंपाकडे न बघताच सांगितलं. तासाभरात ते घरून अर्धं पोतं खडेमीठ घेऊन आले. खड्डा नक्की कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. दाजींनी पायाने जमीन ठोकत ठोकत एक जागा नक्की केली, आणि सुदामराव व दीपेश यांनी आळीपाळीने पहार चालवली. दोन फुटांवर पहार कशावर तरी वाजली. दाजी म्हणाले, सापडलं. दीपेशने जोर लावला आणि सोसायटीची पाण्याची मुख्य लाइन फुटली.

पाणी पुरुषभर उंच उडालं. त्यात अर्धं पोतं मीठ विरघळून माधुरीबाईंच्या मोगऱ्याच्या वाफ्यात गेलं. गल्लीतल्या अकरा बंगल्यांचं पाणी दोन दिवस बंद होतं. टँकर आला तेव्हा बादल्या घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांना दाजी सांगत होते की काम मोकलसाहेबांच्या देखरेखीखाली चालू आहे.

शुक्रवारी सुदामरावांनी सरळ मार्ग धरला आणि ते वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. आपल्या ऑफिसात, असं ते मनात म्हणत होते. ओळखीचं कुणी दिसेना. खिडकीवर सोनम नावाची एक मुलगी होती. मी इथलाच, असं सुदामराव म्हणाले. ती म्हणाली, इथल्या ग्राहकांनी तक्रार ऑनलाइन करायची. त्यांनी बाकावर बसून मोबाइलवर तक्रार भरायला घेतली. पंपाचा प्रकार निवडायचा होता आणि यादीत स्विमिंग पूल नव्हताच. औद्योगिक पंप, पाणीपुरवठा योजना, कृषी पंप. सोनमने सुचवलं की काहीतरी टाका, पुढे बदलता येतं. सुदामरावांनी कृषी पंप टाकला. पुढे बदलता आलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी काही आशा न ठेवता पंप लावला. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. पंप चालूच. दहा, अकरा, बारा. सुदामराव खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसले होते. दुपारपर्यंत सोसायटीत बातमी पोचली. कसं केलंत, असं लोक विचारायला लागले, आणि सुदामरावांनी एवढंच म्हटलं की शेवटी लोड बॅलन्स केला. रविवार हा साळूच्या सुटीचा दिवस, त्यामुळे दोरीवर एक रुमालही नव्हता, हे त्यांच्या मनात आलं नाही. माधुरीबाईंच्या आलं असावं, पण त्यांना एकदा दहा मिनिटं ऐकावं लागलं होतं.

त्याच उत्साहात कुंदनशेठ आले आणि म्हणाले की पुढच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये वीज सुरक्षेवर तुमचं व्याख्यान ठेवतो. चालू पंपाच्या आवाजात सुदामराव हो म्हणाले.

सोमवारी नऊ वाजून बारा मिनिटांनी खटका पडला. त्याच दुपारी गेटवर फ्लेक्स लागला. 'सुप्रसिद्ध वीजतज्ज्ञ मा. श्री. सुदामराव मोकल यांचे जाहीर मार्गदर्शन.' फोटो लेकीच्या लग्नातला होता. त्यात सुदामराव फेटा बांधून, डोळे मिटून होते.

मंगळवारी वीज कंपनीकडून अंकुश नावाचे एक अधिकारी कृषी पंपाची पाहणी करायला आले. त्यांनी फॉर्म काढला आणि विचारलं, पीक कोणतं? सुदामरावांनी पूल दाखवला. पाणी एव्हाना पोपटी झालं होतं आणि कडेला दोन बेडूक बसले होते. अंकुशनी बराच वेळ पाण्यात बघून विचारलं, मत्स्यशेती का? सुदामरावांनी खरा प्रकार सांगितला. मग सातबारा द्या, असं अंकुश म्हणाले. बंगल्याच्या परसाला स्वतंत्र सातबारा नसतो हे सांगून झाल्यावर अंकुशनी सहानुभूतीने मान हलवली आणि फॉर्मवर शेरा मारला: 'त्रुटी पूर्ततेसाठी परत.'

हा शेरा सुदामरावांनी स्वतः एकतीस वर्षांत किती वेळा मारला असेल याची गणती नाही. तो दुसऱ्या बाजूने वाचायची ही पहिलीच वेळ. अक्षरही साधारण त्यांच्याचसारखं होतं. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.

बुधवारी माधुरीबाई जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबल्या आणि त्यांनी कठड्याला हात लावला. खाली सुदामराव मोजत होते. त्यांनी त्याच दुपारी डायरी काढून काळूराम लाइनमनचा नंबर शोधला.

काळूराम जवळच्याच गावचा. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. खांबावरचं सबंध आयुष्य अंगावर एक ओरखडा न उठता काढलेला माणूस. गुरुवारी दुपारी, सोसायटी झोपलेली असताना ये आणि हत्यारं पिशवीत घालून आण, असं सुदामरावांनी त्याला सांगितलं होतं. तो बरोबर तसाच आला. हत्यारं त्याने कोथिंबिरीच्या जुडीखाली घातली होती.

काळूरामने आधी काहीच केलं नाही. पंपाच्या खड्ड्याशी उकिडवा बसून नुसता बघत राहिला. मग वर बघितलं. वर दोरी होती आणि दोरीवर साळूने त्या दिवशी उशिरा टाकलेल्या माधुरीबाईंच्या दोन साड्या, चादर आणि टॉवेल. चादरीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब जमत होता. तो जमला, लोंबला आणि पंपावर पडला.

"साहेब," काळूराम म्हणाला, "वायरी जोडलेल्या डबीचं झाकन कुठं हाय?"

सुदामरावांना डबीला झाकण असतं हेच माहीत नव्हतं. तेवढ्यात मागे साळू घमेलं घेऊन उभी होती, ती म्हणाली, "करडं, चौकोनी, बशीवानी? ते सायबांनी चिमन्यांना पानी ठेवलंय त्याच्यात. तिकडं पेरूच्या झाडावर."

हे खरं होतं. पंप बंद पडायच्या आदल्याच दिवशी फिटर तो साफ करून गेला होता, तेव्हा ती सुबक बशी पंपाच्या कठड्यावर पडलेली सुदामरावांना मिळाली होती आणि मुक्या जिवांसाठी तिचा उपयोग केल्याचं त्यांना समाधानही वाटलं होतं. साळूने जाऊन ती काढून आणली. काळूरामने वायरी पुसल्या, उन्हात वाळू दिल्या, चिकटपट्टी लावली आणि झाकण बसवून चार स्क्रू आवळले. स्क्रू-ड्रायव्हर माधुरीबाईंनी डाळीच्या डब्यातून काढून दिला. पुसायला आणि आवळायला मिळून वीसेक मिनिटं गेली. पंप लागला तो चालतच राहिला.

साळू म्हणाली की दोरी तिकडं चिक्कूला बांधते. तिने हे मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. सुदामरावांना वाटत राहिलं की म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी तेच म्हणाले, "साळू, तू बरोबर सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही." साळूने मान हलवली आणि दोरी सोडायला घेतली.

आनंदाच्या भरात सुदामरावांनी काळूरामला खटका काढून टाकायची दीपेशची युक्ती गंमत म्हणून सांगितली. काळूराम हसला नाही.

"त्या खटक्यानंच तुमाला धा दिवस सांभाललंय," तो म्हणाला. "तो काडला असता तं पंपाच्या बॉडीत करंट, तिथून पान्यात. आन पान्यात बाया." चिकटपट्टी पिशवीत टाकत तो म्हणाला, "कागूद चुकला तं परत येतो, साहेब. मानूस येत नाय."

सुदामराव पुलाच्या कडेला बसले. पोपटी पाणी हळूहळू फिरायला लागलं होतं. पाच बायका त्यात गोल चालायच्या, ते त्यांना दिसत राहिलं. काळूराम चहा पिऊन, कोथिंबीर माधुरीबाईंना देऊन निघाला, तेव्हा सुदामरावांनी त्याला रविवारी सकाळी दहाला यायला सांगितलं. हत्यारं या वेळी पिशवीत घालू नकोस, असंही सांगितलं.

रविवारी हॉल भरला होता. कुंदनशेठनी सुदामरावांची ओळख करून देताना त्यांच्या हातून सबंध रायगड जिल्हा उजळवून घेतला. मग सुदामराव उभे राहिले. पुढच्या रांगेत माधुरीबाई होत्या. सुदामरावांनी घसा साफ केला.

"मी एकतीस वर्षं वीज कंपनीत होतो," ते म्हणाले. "आस्थापना विभागात. मी आजवर एकही वायर जोडलेली नाही. घरातला बल्बसुद्धा ही बदलते. लोड बॅलन्स म्हणजे काय, ते मला माहीत नाही. मी तुम्हाला सात वर्षं जे सांगितलं ते विसरा. त्यातलं कुणी ऐकून हात लावला असता, तर आज मी इथे उभा राहू शकलो नसतो."

हॉलमध्ये मागे कुणीतरी चिवड्याची पिशवी उघडत होतं ते थांबलं. दाजींनी सावकाश विचारलं की मग आमचा फ्रीज? सुदामराव म्हणाले की तो परत स्वयंपाकघरात न्या. दाजींना तीन वर्षं त्या फ्रीजच्या घरघरीत झोप लागली नव्हती, असं कळलं. ते रागावले की सुटले, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येईना.

मग सुदामरावांनी काळूरामला पुढे बोलावलं. काळूरामचं भाषण चार मिनिटांचं झालं. वल्या हातानं खटक्याला हात लावू नका, पडला खटका तर का पडला ते आधी बघा, आणि न कळणाऱ्या मानसाला इचारू नका. शेवटच्या वाक्याला सुदामरावांनी स्वतः टाळी वाजवली.

कार्यक्रम संपला असं सगळ्यांना वाटलं, तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. अरुंधती पेठे. वर्षभर कुणाशी फारशा बोलत नसत. त्यांनी विचारलं की आस्थापना म्हणजे वारसांची नावं वगैरे का? त्यांच्या गेलेल्या यजमानांच्या कागदांत त्यांचं नाव कुठे 'अरुंधती' तर कुठे 'अरूंधती' असं पडलं होतं, आणि चौदा महिने त्या तीन ऑफिसांत फिरत होत्या. सुदामरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. कोणता फॉर्म, कुणाच्या सहीचा, कोणत्या टेबलावर द्यायचा आणि 'त्रुटी' असा शेरा मारायला लिपिकाला जागाच कशी ठेवायची नाही, हे त्यांनी एका दमात सांगितलं. पेठेबाई लिहून घेत होत्या. दाजींनी हात वर केला. त्यांच्या जन्मतारखा दोन होत्या. मग दीपेशने विचारलं, मग कुंदनशेठनी स्वतः. दीड वाजला तरी कुणी उठेना. काळूरामही पुढच्या खुर्चीवर बसून आपल्या सेवापुस्तकाबद्दल विचारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळशंख होतं. बाकीच्या चौघी अजून यायच्या होत्या. माधुरीबाई एकट्याच पाण्यात उतरून चालत होत्या. सुदामराव पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून कडेला बसले होते. फार हलकं वाटत होतं त्यांना. बोलून टाकण्याची एकदा चटक लागली की माणूस थांबत नाही, तसं काहीसं झालं असावं.

"माधुरी," ते म्हणाले, "लग्नाआधी मी तुला सांगितलं होतं, की उरणच्या मोरा बंदरात धक्क्यावरून उडी मारून होडीपर्यंत पोहत जायचो."

"हं."

"मला पोहता येत नाही."

माधुरीबाई चालायच्या थांबल्या नाहीत. त्यांनी एक फेरी पूर्ण केली आणि त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या छातीपर्यंत होतं.

"लग्नानंतर पहिल्यांदा बोटीत बसलो तेव्हा तुम्ही माझा पदर धरला होतात," त्या म्हणाल्या. "तो मुंबई येईपर्यंत सोडला नाहीत." मग त्यांनी हात पुढे केला. "चार फूटच आहे. उतरा."

सुदामरावांनी इकडेतिकडे पाहिलं. कुंपणापलीकडे दीपेश उभा होता. त्यांनी त्याच्याकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला नाही. दोन्ही हातांनी बायकोचा हात घट्ट धरला, डोळे मिटले आणि पायजम्यासकट पाण्यात उतरले.